खालच्याचा शब्द

माणूस झाडावर चढला की अख्खी गल्ली माना वर करून बघत राहते. त्याच्या कमरेचा दोर खाली ज्याच्या हातात असतो, त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. बघितलंच, तर 'अहो, जरा सरका, दिसत नाहीये' एवढं सांगण्यापुरतं. आयुष्यभर ज्याला सरकायला सांगितलं गेलं, तो माणूस म्हणजे ठोक्या.

त्याला खरं नाव होतं, पण ते वापरायची वेळ कधी कोणावर आली नाही. धंद्यात त्याच्या हाती एक लाकडी हातोडा होता. जुनं, अवाढव्य झाड छाटायचं असलं की सगळ्यांत आधी ठोक्याने पुढे व्हायचं, बुंध्याभोवती फिरत हात पोचेल तिथवर खोड ठोकायचं आणि कान देऊन ऐकायचं. धडधाकट लाकडाचा आवाज आखूड आणि बंद येतो. आतून कुजलेलं खोड लांब, रिकामं वाजतं. ऐकून झालं की ठोक्या एकच शब्द बोलायचा, 'भरीव' किंवा 'पोकळ'. भरीव म्हटलं की वर दोर टाकायचा. पोकळ म्हटलं की त्या झाडावर कोणी पाय ठेवायचा नाही. शेजारी चांगलं झाड असेल तर दोर त्याच्यावर अडकवायचा आणि तिथून लोंबकळत हाताशी येईल तेवढं छाटायचं. नाहीतर सामान उचलून सरळ घरी.

हा नियम ठोक्याच्या वडिलांचा. ते स्वतः नावाजलेले चढणारे होते आणि म्हातारे होऊन अंथरुणात मेले, ही त्या धंद्यात लहान गोष्ट नाही. ते म्हणायचे, "वर जाणाऱ्याने ठोकायचं नाही. त्याला चढायची खाज असते. त्याच्या कानाला सगळी झाडं भरीवच वाजतात. खालचा नाही म्हणाला की नाही."

खालचा म्हणून त्यांनी मुलाला नेमलं, ते काही कौतुकाने नव्हे. लहानपणी ठोक्याला पहिल्यांदा झाडावर चढवलं तेव्हा पहिल्याच बेचक्यात त्याने खोडाला मिठी मारली आणि जी मारली ती सोडीना. शेवटी वडिलांना त्याला पोत्यासारखा खांद्यावर टाकून खाली आणावा लागला. खाली माणसं पोट धरून हसत होती. पुढच्याच महिन्यात वडिलांनी शेजारचा एक काटकुळा पोरगा हाताशी घेतला. तो असा सरसर चढायचा की त्याचं नाव खार पडलं. वडिलांचा कंबरपट्टा खारीला मिळाला, वडिलांची करवत खारीला मिळाली, आणि पुढे यथावकाश वडिलांची मुलगीही खारीलाच मिळाली. ठोक्याला हातोडा मिळाला. वडिलांनी आपल्याला हातोडा दिला आणि परक्याला झाडं देऊन टाकली, हे त्याने कधी कोणाला बोलून दाखवलं नाही, पण मनातून काढूनही टाकलं नाही.

मात्र त्याच्या त्या एका शब्दाला वजन होतं. बाकी जगात त्याला कोण विचारत होतं? घरमालक भाडं वाढवताना विचारत नसे, चहावाला साखर घालताना विचारत नसे. लग्नाची बोलणी एकदा जमत आली होती. मुलीच्या वडिलांनी मोठ्या अभिमानाने घरातलं जुनं लाकडी कपाट दाखवलं. ठोक्याने सवयीने बोटाच्या पेराने ते वाजवलं आणि म्हणाला, "आतून खाल्लंय." कपाट खाल्लेलंच होतं, पण लग्न मोडलं. त्यानंतर कोणी त्याच्यासाठी खटपट केली नाही आणि तो बहिणीच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत एकटा राहिला. पण झाडाखाली सगळे त्याच्या तोंडाकडे बघत थांबायचे. कंबरपट्टा आवळून, पायाने माती उकरत खारसुद्धा थांबायचा. ठोक्या मुद्दाम एक फेरी जास्त मारायचा. तेवढाच त्याचा थाट होता, आणि तो त्याला पुरत होता.

मग कान जायला लागले.

आधी शेजारच्या खोलीतलं घड्याळ बंद पडलं. ठोक्याला वाटलं, शेजारी चावी द्यायला विसरतोय. पुढे खालच्या दुकानातली हवा भरायची फुसफुस गेली. दुकानदाराला त्याने विचारलंही, "हल्ली गिऱ्हाईक कमी झालंय का?" दुकानदार म्हणाला, "उलट वाढलंय." म्हणजे शेजारचं घड्याळही चालूच असणार. आणि एका सकाळी एका मोठ्या झाडापुढे उभं राहून त्याने हातोडा मारला, पुन्हा मारला, जागा बदलून मारला, तर भरीव आणि पोकळ ह्यांच्यातला फरकच त्याला सापडेना. हातोडा खोडावर आपटतोय हे हाताला कळत होतं. कानात येत होती ती नुसती धप्प.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. हे त्यालाही कळत होतं. वर जातो तो बहिणीचा नवरा आहे, तो पडला तर घर कोणाचं उघड्यावर पडणार, ह्यासाठी काही फार डोकं लागत नाही. पण कान नसलेला ठोक्या म्हणजे काय? चढता येत नाही, ऐकता येत नाही, मग उरतो तो केवळ खारीच्या बायकोचा भाऊ. त्याने तोंड शिवून घेतलं. ह्याला चांगला शब्द नाही. हे पाप होतं, आणि तो ते दर सकाळी डोळे उघडे ठेवून करत होता.

त्याने युक्त्या शोधल्या. एका हाताने ठोकताना दुसऱ्या हाताचा तळवा खोडाला लावायचा. पोकळ खोड तळव्याखाली किंचित थरथरतं. बुंध्याशी वाकून मुळांच्या बेचक्यांत आळंब्या उगवल्यात का, मुंग्या तपकिरी भुसा बाहेर आणून टाकतायत का, हे बघायचं. आणि तिसरी युक्ती, जी तो स्वतःशीही धड कबूल करत नसे, ती म्हणजे खारीच्या तोंडाकडे बघायचं. खार उतावीळ दिसला की भरीव. खार पट्ट्याचं बक्कल उगाच सोडून पुन्हा लावायला लागला की पोकळ. अंदाज बरोबर येत गेले. दर वेळी खार सुखरूप खाली उतरला की ठोक्याच्या पाठीवरून घाम ओघळायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

ह्याच सुमारास गावात पाळण्याचं यंत्र घेऊन एक टोळी आली. गाडीवरचा लोखंडी हात उचलला जातो, टोकाच्या पाळण्यात माणूस उभा, झाडाला हात न लावता फांदी कापून मोकळा. लोकांना ते आवडलं. खारीकडची कामं आटायला लागली आणि त्याचा स्वभाव नासायला लागला. घरात ताटावर बसून तो त्या पाळण्यातल्या माणसांना शिव्या द्यायचा. "म्हणे झाड छाटतात. खिडक्या पुसणारे आहेत नुसते."

म्हणून लाँड्रीचं बोलावणं आलं तेव्हा तो हरखला. ती मोठी लाँड्री होती, इस्पितळांच्या चादरी धुणारी. मागच्या आवारात शिरीषाचं एक अफाट झाड होतं आणि त्याच्या माणसाच्या कमरेएवढ्या फांद्या थेट बॉयलरच्या पत्र्यावर झुकल्या होत्या. आवारात जायचा बोळ इतका अरुंद, की पाळण्याची गाडी तोंडाशीच अडली आणि परत गेली. आता माणसानेच चढायला हवं होतं. खारीने त्या दिवशी दाढी केली.

ठोक्या हातोडा घेऊन पुढे झाला. आवारभर चादरी वाळत होत्या आणि धुणाऱ्या बायका काम थांबवून भिंतीशी ओळीने उभ्या होत्या. त्याने ठोकलं, तळवा लावला आणि त्याचा जीव धसकला. खोड आधीच थरथरत होतं. शेजारी बॉयलर चालू होता, त्याची धडधड जमिनीतून मुळांत आणि मुळांतून खोडात चढत होती. तळव्याला दुसरं काही कळायची सोयच नव्हती.

"बॉयलर जरा वेळ बंद कराल का?" त्याने विचारलं.

"बंद केला तर वाफ धरायला दुपार होईल," बॉयलरवाला म्हणाला. मालकीणबाईंनीही मान हलवली. आणि खारीने ठोक्याकडे असं काही बघितलं, की ते बघणं ठोक्याला आवडलं नाही.

तो बुंध्याशी गुडघे टेकून बसला. लाँड्रीचं कढत, साबणाचं पाणी वर्षानुवर्षं ह्याच मुळांवरून वाहत गेलं होतं. दोन मुळांच्या मधे आळंब्यांच्या थप्प्या होत्या, एकावर एक उपड्या बशा ठेवाव्यात तशा. साल बोटाने दाबली तर दबत होती. त्याने पिशवीतली सळई काढली आणि बेचक्यात खुपसली. ती मुठीपर्यंत आत गेली, लोण्यात जावी तशी.

ठोक्या उठला. खारीच्या तोंडाकडे न बघता म्हणाला, "पोकळ."

कित्येक दिवसांनी हा शब्द त्याचा स्वतःचा होता.

"काय म्हणालास?" खार जवळ आला.

"पोकळ आहे. चढायचं नाही. भिंतीलगतचं ते दुसरं झाड चांगलं आहे, त्याच्यावर दोर टाक. कडेच्या फांद्या काढू आणि निघू."

"कडेच्या काढून काय करू? पत्र्यावरच्या काढायला बोलावलंय आपल्याला."

"मी पोकळ म्हणालो." ठोक्याने हातोडा खाली ठेवला. इतकी वर्षं विषय एवढ्यावरच संपायचा.

खारीने एकदा बायकांच्या ओळीकडे बघितलं. मग तो काहीतरी बोलला, हळू. ठोक्याला ऐकू आलं नाही, पण बायकांचे चेहरे बदललेले त्याला दिसले. मग खार ओरडूनच बोलला, "बहिरा झालायस तू! तुला काय कळतंय पोकळ आणि भरीव?"

ठोक्याचा चेहरा पांढरा पडला.

"मागे एकदा तुझ्या पाठीमागून दोनदा हाक मारली मी. ढिम्म हलला नाहीस. तेव्हापासून मीच ऐकतोय. तू नुसता ठोकतोस. ऐकतो मी."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"काय बोलणार? बायकोचा भाऊ. काढून टाकला असता तर कुठे जाणार होतास तू?"

ठोक्याला वाटलं होतं, आपण ह्याच्या तोंडावर वाचून शब्द उच्चारतो हे आपलं चोरटं गुपित आहे. प्रत्यक्षात खार स्वतः ऐकत होता, स्वतः ठरवत होता, आणि ठोक्याला कळावं म्हणून तसं तोंड करून दाखवत होता. म्हणजे लहान मुलाला खेळात मुद्दाम जिंकू देतात, तसं. आणि वडिलांचा नियम? तो कधीच मेला होता. वर जाणाराच ऐकत होता. दोघं मिळून त्या मेलेल्या नियमाची चाकरी करत होते.

"बरं, मी बहिरा," ठोक्या म्हणाला. "तू ऐकलंस ना? सांग मग. हे कसं वाजलं?"

खारीने वर फांद्यांकडे बघितलं. "चढण्यापुरतं आहे," तो म्हणाला.

भरीव हा शब्द त्याने उच्चारला नाही. ठोक्याने ते टिपलं. वडील ज्या कानांबद्दल सांगायचे ते हेच कान.

त्याला दोर टाकून निघून जाता आलं असतं. पण मग खारीने दोर बॉयलरवाल्याच्या हातात दिला असता, आणि त्या माणसाने आयुष्यात कोळशाच्या फावड्याखेरीज काही धरलेलं नव्हतं. शिवाय खोटं कशाला बोला, दोरही हातातून गेला तर आपल्यापाशी काहीच उरणार नाही, हेही ठोक्याच्या मनात आलं. त्याने दोर धरला.

दोर शिरीषाच्या वरच्या बेचक्यावरून टाकला. भार सोसतो का ते बघायला खार आणि बॉयलरवाला दोघं त्याला लोंबकळले. झाडाने थोडी पानं गाळली, पण ते बधलं नाही. दोराच्या दुसऱ्या टोकाचा भिंतीलगतच्या झाडाला वेढा देऊन ठोक्या उभा राहिला. खार वर चढेल तसा दोर ओढून घ्यायचा, तो फांदीवर पुढे सरकेल तसा सोडायचा, आणि मधे कधीही ढील राहू द्यायची नाही, हे त्याचं काम. पाय निसटला तर खार तेवढाच खाली येतो, जेवढी ढील असेल.

खार चढला. ह्या वयातही तो सुंदर चढायचा, हे ठोक्याने मनातल्या मनात कबूल केलं आणि त्याला स्वतःचाच राग आला. पहिली फांदी पत्र्याला न शिवता बरोब्बर मोकळ्या जागेत पडली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. दर कापाबरोबर झाडाच्या अंगातून एक बारीक शहारा दोरातून ठोक्याच्या हातात उतरत होता. कानांचं काम आता हातच करत होते, आणि हात सांगत होते की तो बरोबर आहे. पण ते सांगणार कोणाला?

मग वरून खार काहीतरी बोलला. काय ते ठोक्याला कळलं नाही. सगळ्या बायका हसल्या, मालकीणबाई हसल्या, बॉयलरवाला फावड्यावर रेलून हसला. त्यातल्या दोघींनी ठोक्याकडे वळून बघितलं. कदाचित त्याच्यावर नसेलही. पण त्याला तो पहिला बेचका आठवला, वडिलांचा खांदा आठवला, आणि त्याच्या मनात आलं, तुटू दे.

फक्त फांदी तुटावी, फक्त सगळ्यांना दिसावं, असं ते नव्हतं. नंतर त्याने स्वतःला तसं सांगून बघितलं, पण ते खोटं होतं. खारीसकट तुटावं, असंच त्याच्या मनात आलं होतं.

त्याने खाली बघितलं. त्याच्या पायाशी दोर पडला होता. हातभर नव्हे, चांगला पुरुषभर दोर वेढ्यातून सुटून मातीत वेटोळं घालून पडला होता. तो आपण कधी सोडला हे ठोक्याला आठवेना. वर खार हात मोकळे सोडून, दोराच्या भरवशावर फांदीच्या टोकाकडे चालत निघाला होता.

ठोक्याने वेढा घट्ट धरला. खारीला हिसका बसू नये म्हणून तो वीतवीत करून दोर परत घेऊ लागला. वेढा दोनदा सरकला. शेवटी दोर ताठ झाला. खारीला काहीच कळलं नाही. कोणालाच कळलं नाही, कारण दोर धरणाऱ्याकडे बघतो कोण?

शेवटची जाड फांदी पडली तेव्हा तिचं कापलेलं तोंड ठोक्याच्या दिशेला आलं. आत बादली बसेल एवढी काळी पोकळी होती आणि कडेने तळहाताएवढं चांगलं लाकूड उरलं होतं. सगळं झाड तसल्याच तळहाताएवढ्या लाकडावर उभं होतं. खार खाली उतरला, घाम पुसत त्या पोकळीत डोकावला आणि हसून म्हणाला, "घे. पोकळ होतं. पण उभं राहिलं की नाही?"

मालकीणबाईंनी त्याला स्वतःच्या हाताने पाणी दिलं. "तुमच्या ह्या माणसाला उगाच घाबरायची सवय दिसते," त्या म्हणाल्या.

"घरचाच आहे," खार म्हणाला. "सांभाळून घ्यायचं." आणि हे त्याने ठोक्याला ऐकू जाईल अशा बेताने, प्रेमाने, त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं.

ठोक्याने दोर नीट गुंडाळला. गुंडाळीवर हातोडा ठेवला. "उद्यापासून मी येणार नाही," तो म्हणाला.

"रागावलास?"

"नाही."

"अरे, ऐकायला मी आहे ना! तू दोर धर फक्त."

ठोक्या बोळातून बाहेर पडला.

बहीण दोन दिवसांनी आली. जिना चढून दमली होती. तिने डबा टेबलावर ठेवला, आधीचा रिकामा डबा उचलून पुसला, आणि त्याच्या खाटेवर, अगदी त्याच्या कानाशी येऊन बसली. तिला सगळं कळलं होतं, म्हणजे खारीने सांगितलं तेवढं सगळं.

"दादा," ती मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "चारचौघांत त्यांनी तुला तसं बोलायला नको होतं. मी त्यांना चांगलं झापलंय. कान गेले तर गेले. वय झालं की जातात. पण तू कामावर परत ये."

ठोक्या भिंतीकडे बघत राहिला.

"ते बॉयलरवाल्याला दोर धरायला नेणार म्हणतायत. माझ्या छातीत धडधडतं रे. तू काही ऐकू नकोस, काही ठोकू नकोस. नुसता दोर धर. इतकी वर्षं मी दिवसभर घरात निर्धास्त वावरले, ती झाडांच्या भरवशावर नाही. खाली माझा भाऊ उभा आहे म्हणून. त्यांचा जीव मी दुसऱ्या कोणाच्या हातात देणार नाही."

शब्दन् शब्द त्याला ऐकू आला. मातीत पडलेला तो दोर त्याच्या डोळ्यांपुढे आला. बहिणीला सांगावं, ही गोष्ट त्याच्या ओठांपर्यंत आली, आणि तिचा चेहरा बघून तिथेच थिजली. तिला सांगितलं असतं तर तिला भाऊ उरला नसता. नाही सांगितलं तर ती दर दोन दिवसांनी येणार, हेच मागणार.

त्याने कानामागे हात धरला. "काय म्हणालीस?"

तिने सगळं पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्याने. खालच्या दुकानातल्या पोरांनीसुद्धा ऐकलं असेल.

ठोक्याने मान हलवली. "नाही गं. आता काहीच ऐकू येत नाही. वरून मारलेली हाकसुद्धा नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले. तिने त्याचा हात, ज्यात दोर असायचा तो, आपल्या दोन्ही हातांत घेऊन घट्ट दाबला. मग रिकामा डबा पिशवीत टाकला आणि जिना उतरून गेली.